सपाट फोटोला थ्रीडी इफेक्ट कसा द्यायचा? फोटोशॉपमध्ये थ्रीडीचा मेनूच सापडत नाही, मग मोबाइल ॲप वापरू का?

मेनू शोधू नका, तो गेला. ॲडोबीने 2021 मध्ये फोटोशॉपमधली थ्रीडीची सोय मोडीत काढायला घेतली आणि ज्यांना खरोखर थ्रीडी मॉडेल बनवायचीत त्यांना सबस्टन्स या आपल्याच वेगळ्या थ्रीडी सॉफ्टवेअरकडे पाठवलं. जुने व्हिडिओ अजून तोच मेनू उघडून दाखवतात, त्यामुळे तुमच्यासारखे अनेक जण हैराण होतात.

पण हळहळू नका. तो मेनू फोटोतून खोली (डेप्थ) काढतच नव्हता. त्यात फोटोवरून जाळी (मेश, म्हणजे थ्रीडी आकाराचा सांगाडा) बनवायची सोय होती, पण तिला कळायचं एवढंच, की उजळ ते पुढे आणि गडद ते मागे. पांढरा शर्ट घातलेला माणूस दिला की शर्ट छाती सोडून पुढे यायचा, काळे केस कवटीत घुसायचे आणि हसरा चेहरा असेल तर दात ओठांच्या बाहेर. फोटोतला उजेड आणि वस्तूचं अंतर यांचा काही संबंध नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

खरं तर उत्तर लिहायचं मनात नव्हतं. पण याच प्रश्नावर कुणीतरी लिहिलंय, "सब्जेक्ट कट करा, ड्रॉप शॅडो टाका, बॅकग्राउंड ब्लर करा, झालं थ्रीडी." ते वाचून राहवेना. हे वाक्य मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकतेय.

आमच्याकडे एका संस्थेचा जुना ग्रुप फोटो आला होता. कृष्णधवल, तीन रांगा. पुढची रांग जमिनीवर बसलेली, मधली खुर्च्यांवर, मागची उभी. कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर तो फोटो दाखवायचा होता आणि कॅमेरा हळूहळू माणसांमधून पुढे जातोय असं वाटायला हवं होतं. कटिंग माझ्याकडे आलं, हलवाहलव आमचे सिनियर सर करणार होते. मी पेन टूलने एकेक माणूस वेगळा केला आणि मग त्यांच्या मागचं भरायला बसले. पुढच्यांच्या डोक्यांनी मधल्यांचे गुडघे झाकलेले, मधल्यांच्या खांद्यांनी मागच्यांचे कोट. हे सगळं फोटोत नाहीच, ते नव्याने उभं करायचं होतं.

सर मागे येऊन उभे राहिले. "अगं, हे काय करत बसलीयस? मागचं कोणाला दिसणार आहे?"

"सर, कॅमेरा हलला की दिसेल."

"तू कटिंग दे मला. बाकीचं मी बघतो."

त्यांनी काय केलं, तर माझी कापलेली माणसं मूळ फोटोवरच ठेवली, प्रत्येकाला ड्रॉप शॅडो दिली आणि कॅमेरा अगदी किंचित हलवला. तेवढ्यात खपून गेलं. मग क्लायंट बघायला आले. दोनदा बघून म्हणाले, "छान आहे, पण अजून जरा आत जाऊ दे ना, एवढंसं काय?" सरांनी तिथेच बसून कॅमेऱ्याचं अंतर वाढवलं. आणि प्रत्येक माणसाच्या कानामागून त्याचाच दुसरा कान बाहेर यायला लागला. खांद्यामागे खांदा, चष्म्याच्या काडीमागे काडी. क्लायंट निरखून बघत म्हणाले, "यांच्या मागे परत हेच उभे आहेत का?"

माझ्या फाइलमध्ये मागचं भरलेले लेयर तयार होते. ते खाली टाकले, भुतं गेली. सर क्लायंटना म्हणाले, "सेटिंग जरा इकडचं तिकडे झालं होतं." इथवर ठीक. पण नंतर सगळ्यांसमोर, "ते काय, कंटेंट अवेअर फिलने भरलंय. सॉफ्टवेअरचं काम." हे मात्र आजही घशाखाली उतरत नाही. कंटेंट अवेअर फिल (आजूबाजूचं बघून जागा आपोआप भरायची सोय) 2010 मध्ये फोटोशॉपच्या सीएसफाइव्ह आवृत्तीबरोबर आलं, भिंत, आकाश, गवत यांना ते छान चालतं. पण माणसाच्या मांडीच्या जागी काय असायला हवं हे त्याला माहीत नसतं. माझ्या फोटोत त्याने एका गृहस्थांच्या गुडघ्यावर शेजारच्यांची मिशी आणून बसवली होती. ते गुडघे मी शेजारच्या माणसाच्या पँटच्या घड्या उचलून, उलट्या करून, उजेडाची बाजू जुळवून बसवले होते. असो.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: फोटोला खोली देण्यातलं बहुतेक काम झाकलेल्या भागाचं असतं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, यावरूनही डोळ्याला अंतर कळतं. आणि वस्तू सरकली की तिच्यामागची जागा उघडी पडते. ती जागा तुम्ही बनवली नसेल तर तिथे एकतर भोक दिसेल, नाहीतर भूत.

लेयर करणं, मास्क करणं तुम्हाला येतं असं धरून चालते. मागचं भरताना सिलेक्शन एक्सपांड करून काही पिक्सेल बाहेर न्या, नाहीतर माणसाच्या कडेचा रंग भरावात ओढला जातो आणि सगळीकडे मळकट रेघ उमटते. त्या माणसाची जमिनीवर पडलेली सावलीही सिलेक्शनमध्ये घ्या. माणूस गेला आणि सावली राहिली अशा फाइली मी भरपूर पाहिल्यात. सावली मग वेगळ्या लेयरवर परत बनवायची. गिंप हे फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी रीसिंथेसायझर नावाचं प्लगइन आहे, त्यातलं हील सिलेक्शन मागचं भरायचं काम करतं. फोटोशॉपमध्ये 2023 पासून एआयने नवं चित्र बनवून भरणारं जनरेटिव्ह फिलही आलंय आणि ते गुडघ्याच्या जागी गुडघा देतं, हे मान्य. पण जुन्या फोटोचा दाणा त्याला नीट जुळवता येत नाही. भराव गुळगुळीत आणि बाकी फोटो दाणेदार, की पडद्यावर लगेच कळतं. भरावावर तेवढाच नॉइज घाला.

लेयर आफ्टर इफेक्ट्समध्ये (ॲडोबीचं चित्र हलवायचं सॉफ्टवेअर) नेऊन मागेपुढे ठेवताना एक हिशेब लागतो, तो कुणी सांगत नाही. लेयर मागे ढकलला की तो लहान दिसतो आणि मूळ फोटोची मांडणी बिघडते. कॅमेरा लेयरपासून 1000 पिक्सेलवर असेल आणि लेयर आणखी 500 मागे नेला, तर त्याचा आकार 150 टक्के करायचा. 1500 भागिले 1000, बस. मग कॅमेरा स्थिर असताना फोटो जसाच्या तसा दिसतो आणि हलला की उलगडतो. हे अंदाजाने करत बसलात तर पुढच्या रांगेची डोकी मागच्यांच्या छातीवर जाऊन चिकटतील. मागचा लेयर असा मोठा करायचा असतो, म्हणून फोटो लहान असेल तर फार मागे ढकलू नका, फाटतो.

एवढं करूनही माणसं पुठ्ठ्याचे कटआउट वाटतात, कारण प्रत्येक लेयर आतून सपाटच असतो. त्यावर डिस्प्लेस फिल्टर आहे. करड्या रंगाचा नकाशा बनवायचा: 128 चा करडा म्हणजे जागचं हलणार नाही, त्याहून उजळ एका बाजूला सरकेल, गडद दुसऱ्या. नाक, कपाळ, गाल मऊ ब्रशने रंगवा, नकाशा चांगला ब्लर करा आणि वेगळी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून ठेवा, फिल्टर तीच मागतो. व्हर्टिकल स्केल शून्य करायला विसरू नका, नाहीतर चेहरा तिरपा घसरतो. आकडा लहान ठेवा. नाक गालावर गेलं की नातेवाईक ओळखत नाहीत.

आता ड्रॉप शॅडो. माझं वैर तिच्याशी नाही, ती कुठे टाकतात त्याच्याशी आहे. सारख्या जाडीची, सारखी मऊ सावली डोळ्याला सांगते की हा कागदाचा तुकडा मागच्या कागदापासून जरासा वर उचललाय. उभ्या माणसाची सावली तशी नसते. पायाशी ती गडद आणि रेखीव असते, लांब जाताना फिकी आणि मऊ होत जाते. लेयर स्टाइलमधल्या क्रिएट लेयरने सावली वेगळी काढा, डिस्टॉर्टने जमिनीवर आडवी करा, पायाशी ठेवा तशीच आणि पुढे ब्लर वाढवत न्या. मल्टिप्लायवर ठेवा, पण ठार काळी करू नका. फोटोत आधीच्या सावल्या असतात, त्यांचाच रंग उचला. फ्रेममधून बाहेर येणारी गाडी, उडी मारणारा कुत्रा, असले सगळे प्रकार या एका सावलीवर तरतात किंवा बुडतात.

उजेड कुठून येतोय तेही बघा. आपला मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतो. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा केला की खड्ड्याचा उंचवटा होतो, ते यामुळेच. कडांना उठाव देणाऱ्या बेव्हल अँड एम्बॉस इफेक्टचा कोन मूळ फोटोच्या उजेडाशी जुळत नसेल तर उठाव दिसण्याऐवजी खळगा दिसेल. आमच्या सरांच्या बेव्हलचा कोन कायम 120 वर. फोटोतला सूर्य कुठेही असो.

बॅकग्राउंड ब्लर करणार असाल तर तिथेही झाकलेलाच भाग नडतो. माणूस मूळ फोटोत असतानाच मागचा लेयर ब्लर केलात, तर त्याचा रंग पसरून भोवती वलय दिसतं. आधी माणूस काढून मागचं भरा, मग ब्लर करा, मग माणूस वर ठेवा. ब्लरही सगळीकडे सारखा नको. पायाजवळची जमीन स्पष्ट, क्षितिज धूसर. नुसता ब्लर न करता लांबच्या भागाचा काँट्रास्ट थोडा कमी केलात तरी तो मागे जातो. डोंगर लांबून फिके दिसतात तसंच.

लाल-निळ्या चष्म्याबद्दल विचारलं नाहीयेत, पण तिथे पोहोचाल म्हणून सांगते. "लेयरची कॉपी करा, रेड चॅनल दहा पिक्सेल सरकवा" हा सल्ला मला पटत नाही. चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्येच दाखवून दिलं होतं की खोली दिसते ती दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकामुळे, कारण डोळे एकमेकांपासून साधारण 63 मिलिमीटर दूर असतात. त्याने त्यासाठी साध्या रेघांची चित्रं वापरली होती. पण हा फरक प्रत्येक अंतराला वेगळा लागतो. अख्खा फोटो सारखाच सरकवला तर अख्खा सपाट फोटो पडद्याच्या पुढे किंवा मागे जातो, बाकी काही नाही. चष्मा लावून बघा, नाक आणि मागची भिंत एकाच पातळीवर असतील. लेयर करून प्रत्येकाला वेगळं सरकवलं तर जमतं, आणि मग परत मागचं भरणं आलंच.

राहिलं मोबाइल ॲपचं. ती वाईट नाहीत. फेसबुकने 2018 मध्ये थ्रीडी फोटो आणले तेव्हा दोन लेन्सचा फोन लागायचा, 2020 पासून साधा फोटोही चालू लागला. आता मिडास, डेप्थ एनीथिंग यांसारखी फुकट एआय मॉडेल फोटोवरून अंतराचा नकाशा काढतात आणि जुन्या थ्रीडी मेनूसारखी उजेडाला अंतर समजत नाहीत. फोटोशॉपमध्येही न्यूरल फिल्टर्समधल्या डेप्थ ब्लरला नुसता नकाशा मागता येतो. एक माणूस आणि मागे मोकळी जागा असेल तर ॲपच वापरा, माझ्यासारखं पेन टूल घेऊन बसायची गरज नाही. कंबरेवर हात ठेवलेला माणूस, सुटे केस, काच, सायकलच्या तारा, जाळी, भिंतीवर टांगलेलं चित्र, इथे ती फसतात. टांगलेल्या चित्रातल्या डोंगरालाही ती खोली देतात आणि भिंतीला खिडकी पडते. तो नकाशा उघडून हाताने दुरुस्त करता येतो. बहुतेक ठिकाणी पांढरं म्हणजे जवळ, काही ठिकाणी उलट, तेव्हा सगळंच आतबाहेर दिसलं तर नकाशा इन्व्हर्ट करा.

आणि हे सगळं हलणाऱ्या किंवा मोठ्या चित्रासाठी. फोनवर बोटभर दिसणाऱ्या, न हलणाऱ्या फोटोला नीट सावली आणि थोडा ब्लर पुरतो, तिथे मागचं खरंच कोणाला दिसत नाही. सर हे वाचत असतील तर त्यांनी एवढंच वाक्य उचलू नये.