मराठी मुलगा आणि मराठा पलटण

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यातले. आजोबा आणि चुलते दोघेही मराठा पलटणीतून पेन्शनीवर आले. मुलगा यंदा बारावीत असून अधिकारी होऊन जनरलपदापर्यंत जाण्याची त्याची जिद्द आहे. मराठीभाषक म्हणून त्याला मराठा लाइट इन्फंट्रीच मिळेल ना? शिवाय चुलते म्हणतात की, जनरल झालेला माणूस पलटणीचा राहत नाही. हे खरे आहे का?
— एक पालक

उत्तर : आपली समजूत सीमाभागात घरोघरी आढळते, आणि बेळगावच्या कॅम्पातून पहाटे मराठा सेंटरच्या रिक्रुटांच्या आरोळ्या ऐकत जी पिढी वाढली तिला ती असणे स्वाभाविकही आहे. परंतु जवानाची वाट वेगळी आणि अधिकाऱ्याची वेगळी. मराठा पलटणीत जवान मुख्यतः मराठी मुलखातून भरती होतात. अधिकाऱ्याला पलटण मिळते ती डेहराडूनच्या अकादमीतील प्रशिक्षण संपत आल्यावर, त्याची पसंती, गुणक्रम आणि रिकाम्या जागा यांचा मेळ घालून. मातृभाषेचा तेथे हक्क चालत नाही. मिळालेल्या पलटणीतील जवानांची भाषा त्यालाच शिकून घ्यावी लागते.

उदाहरणे दूरची शोधायला नकोत. २००५ ते २००७ या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल जे. जे. सिंग हे शीख, पण त्यांना १९६४ मध्ये कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाले ते मराठा लाइट इन्फंट्रीत. उलट पुण्याचे जनरल मनोज नरवणे १९८० मध्ये शीख लाइट इन्फंट्रीत दाखल झाले आणि २०१९ च्या अखेरीस लष्करप्रमुख झाले. शीख मराठ्यांचा आणि मराठी शिखांचा, अशी ही अदलाबदल आपल्या चुलत्यांना जरूर सांगावी.

आपल्याला अधिक जवळचे नाव मात्र लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे. जन्म १९०६ चा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. सँडहर्स्ट येथे शिकून १९२६ मध्ये त्यांनी कमिशन घेतले आणि त्यांची सारी घडण पंजाबी पलटणींत झाली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत ते दुसऱ्या क्रमांकाच्या पंजाब रेजिमेंटच्या एका बटालियनचे प्रमुख होते व त्या लढाईसाठी त्यांना डीएसओ हा ब्रिटिश युद्धसन्मान मिळाला. कोरियातील युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळण्याचे विलक्षण नाजूक काम १९५३-५४ मध्ये भारतीय सैन्याकडे आले, तेव्हा त्या दलाचे नेतृत्वही त्यांनीच केले. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना, ईशान्य सीमेवर चिनी आक्रमण झाल्यास आपले बळ अपुरे पडेल, हे त्यांनी १९५९ मध्ये लेखी मांडले आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौला युद्धसराव घेऊन दाखवूनही दिले. तो इशारा दप्तरी पडून राहिला. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले तेव्हा लष्करप्रमुखपद थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. पुढच्याच वर्षी काय घडले ते आपण जाणतोच. माझ्या मते थोरातांची खरी थोरवी कांगावपेक्षा त्या लेखी इशाऱ्यात आहे, कारण वरिष्ठांना न रुचणारे लिहून देणे हेही सेनापतीचे कामच असते.

आता जिद्दीविषयी. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती, परीक्षा उत्तीर्ण होत गेल्यास, सेवेच्या वर्षांवर मिळते. सध्याच्या नियमाने त्याला १३ वर्षे लागतात. कर्नलपासून पुढे प्रत्येक पायरीवर निवड मंडळ बसते आणि जागा झपाट्याने कमी होत जातात. कर्नल बटालियन सांभाळतो, ब्रिगेडियर ब्रिगेड, मेजर जनरल डिव्हिजन, तर लेफ्टनंट जनरल कोअर आणि त्यावरचा विभाग. निवड झाली नाही तर कर्नल ५४ व्या, ब्रिगेडियर ५६ व्या वर्षी घरी येतो. म्हणून जनरलपदाचे स्वप्न मुलाने खुशाल पाहावे, पण आपण आतापासून गावात तसे सांगत फिरू नये!

चुलत्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला असून टोपीचा रंग, बिल्ले आणि खांद्यावरची दोरी यांतून आता पलटण ओळखू येत नाही. त्यांच्या हाताखाली अनेक पलटणी असतात, तेव्हा एकीचीच खूण मिरवणे बरे नव्हे, हा त्यामागचा विचार. मात्र प्रत्येक रेजिमेंटला ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ हे मानाचे पद असते, आणि त्या रेजिमेंटमध्ये वाढलेला वरिष्ठ अधिकारी, बहुधा जनरलच, ते भूषवतो. पलटणीच्या घरातला तो वडीलधारा.

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बारावीत शिकणाऱ्यालाही ती देता येते. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते. लेखी परीक्षेनंतरची पाच दिवसांची निवड चाचणी बेंगळुरूच्या केंद्रावरही होते. मुलगा पायदळात गेला, तर पलटण कोणतीही मिळो, कमांडो प्रशिक्षणासाठी तो बहुधा बेळगावलाच येईल.