पिणारा ‘भाग’ आणि माफी मागणारे तुम्ही

नाशिकहून एका वाचकांनी लिहिलेल्या लांब पत्राचा काही भाग:

“ताई, माझे वय 43, कारखान्यात सुपरवायझर आहे. वीस वर्षे प्यायलो. शेवटची काही वर्षे तर सकाळी हात थरथरायचे म्हणून घ्यावी लागायची. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यापासून एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची परस्पर आधाराची संघटना) धरून आहे. अकरा महिने झाले, थेंबही घेतलेला नाही. सध्या स्पॉन्सरबरोबर (वाट दाखवणारे एएतले जुने सभासद) बारा पायऱ्यांपैकी चौथी, म्हणजे स्वतःच्या राग-चुकांचा लेखी हिशेब, लिहीत आहे. बायकोच्या आग्रहावरून चार महिन्यांपूर्वी समुपदेशकांकडेही जाऊ लागलो. त्या ‘पार्ट्स’ची पद्धत वापरतात. त्या म्हणतात, पिणारा हा माझा एक भाग आहे, तो वाईट नाही, तो मला वाचवायला धडपडत होता. स्पॉन्सर म्हणतात, हे आजाराचे बोलणे आहे, आजार गोडच बोलतो. बायको म्हणते, ‘म्हणजे तू प्यायला नाहीस, तुझा भाग प्यायला, असंच ना?’ दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखे झाले आहे. यातले एक सोडू का? आणि भाग बरे झाल्यावर पुढे कधी लग्नकार्यात एखादा पेग चालेल का, हेही विचारायचे होते.”

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, म्हणूनच उत्तराची सुरुवात मी तिथून करते. नाही, चालणार नाही. लग्नकार्यात नाही, सहलीत नाही, आणि आतले सगळे भाग गुण्यागोविंदाने नांदू लागल्यावरही नाही. ज्या माणसाला सकाळचे हात थांबवण्यासाठी प्यावे लागत होते, त्याच्या बाबतीत प्रश्न केवळ मनाचा उरलेला नसतो. शरीर आणि मेंदू दारूला सरावलेले असतात, आणि हा सराव काही वर्षांच्या खंडानंतरही थोड्याशा दारूने फार लवकर जागा होतो. समुपदेशकांनीच तसे सुचवले असेल, तर समुपदेशक बदला. त्यांनी सुचवले नसेल, तर हा प्रश्न तुमच्यातल्या कोणाला पडला आहे ते पुढच्या सत्रात त्यांच्यासमोर शोधा. आणि त्याआधी, शक्य तर आज रात्रीच, तो जसाच्या तसा स्पॉन्सरांच्या कानावर घाला. या दोन पद्धती एकत्र कशा चालवायच्या, याचा नमुना तुमच्या त्या एका वाक्यातच आहे.

एक सोडण्याची गरज मला दिसत नाही. एए 1935 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून उभी राहिली, आणि 1939 मध्ये निघालेल्या तिच्या मूळ पुस्तकातच डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जायला कचरू नका, असे सभासदांना सांगितलेले आहे. शिवाय तिच्या कारभाराची जी बारा तत्त्वे, म्हणजे ‘परंपरा’ आहेत, त्यांतल्या दहाव्या परंपरेप्रमाणे बाहेरच्या विषयांवर एए कोणतेही मत देत नाही. तेव्हा तुमच्या समुपदेशनाबद्दल स्पॉन्सरांची नापसंती ही त्यांची स्वतःची आहे. तिचा मान ठेवा, पण तिला संस्थेचा नियम समजू नका. खुद्द विल्सन दारू सुटल्यानंतर अनेक वर्षे नैराश्याने त्रस्त होते आणि त्यासाठी त्यांनी हॅरी टीबाउट या मानसोपचारतज्ज्ञांकडून उपचार घेतले होते.

या टीबाउटांचे एक म्हणणे तुमच्या कामाचे आहे. 1953 साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी वरवरची संमती आणि खरी शरणागती यांत फरक केला. रुग्ण तोंडाने ‘हो, मी दारूपुढे हरलो’ म्हणतो, मनापासून म्हणतो, तरीही त्याच्या आत कुठेतरी ते मान्य न केलेले कोणीतरी शिल्लक राहते, आणि बेत तडीला जाऊ लागले की तेच डोके वर काढते. तुमचा पेगचा प्रश्न मी या जातीचा समजते. मीटिंगमध्ये हात वर करून ‘मी मद्यपी आहे’ असे तुम्ही अकरा महिने प्रामाणिकपणे सांगत आला आहात आणि तरीही आत एकजण लग्नाच्या पत्रिकांकडे डोळे लावून बसला आहे. त्याला दटावून गप्प बसवण्यापेक्षा त्याचे म्हणणे एका सुरक्षित खोलीत ऐकून घेतले, तर पहिली पायरी, म्हणजे दारूपुढे हरल्याची कबुली, कच्ची राहणार नाही. माझ्या मते समुपदेशनाचा तुम्हाला होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

ज्या पद्धतीने तुमचे समुपदेशन चालले आहे, ती रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात मांडली. बकाबका खाऊन मग ओकून टाकण्याच्या आजाराने पछाडलेल्या त्यांच्या रुग्ण स्वतःबद्दल ‘माझा एक भाग असे म्हणतो, दुसरा तसे’ या भाषेत बोलत, आणि श्वार्ट्झ यांनी ती भाषा गंभीरपणे घेतली. त्यांच्या मांडणीत सगळे सुरळीत राहावे म्हणून शिस्त लावणारे, टोचून बोलणारे भाग ‘मॅनेजर’. जुने दुःख, भीती, शरम उराशी घेऊन आत कोंडून ठेवलेले भाग ‘एक्झाइल’. आणि ते दुःख वर येऊ लागताच घरातल्या सामानाचे काय होईल याची पर्वा न करता पाणी मारत सुटणारे ‘फायरफायटर’. तुमची दारू या तिसऱ्या प्रकारातली. या सर्वांपलीकडे प्रत्येकात एक शांत, जाणते केंद्र असते, त्याला ते ‘सेल्फ’ म्हणतात, आणि भागांचा कारभार हळूहळू त्याच्याकडे सोपवावा, असा उपचाराचा रोख असतो.

इथे तुमच्या मनात आलेली शंका रास्त आहे: एकीकडे हतबल आहोत असे कबूल करायचे आणि दुसरीकडे आत एक समर्थ केंद्र आहे असेही मानायचे, हे कसे जमावे? पण पहिली पायरी काय म्हणते ते नीट वाचा. आम्ही दारूपुढे हतबल आहोत, असे ती म्हणते. सगळ्याच बाबतीत हतबल आहोत, असे नाही. शिवाय वीस वर्षे दारूला आवर घालण्याचे काम तुमच्यात करत कोण होते, तेही पाहा. तुम्ही श्रावण पाळलात, गळ्यात तुळशीची माळ घातलीत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत, ‘आता फक्त बिअर’ आणि ‘आता फक्त शनिवारी’ असे ठराव केलेत, हे सगळे तुमच्या पत्रात आहे. हे तुमच्यातल्या मॅनेजरचे काम होते. पहिल्या पायरीत त्याने राजीनामा दिला आहे. शांत केंद्राची जागा त्यानंतर रिकामी होते, त्याआधी नाही. म्हणून या दोन गोष्टी मला परस्परविरोधी वाटत नाहीत. मात्र एक इशारा देते. तिसऱ्या पायरीत स्वतःला ज्याच्या हवाली करायचे, त्याला ‘जसा आपल्याला समजला तसा’ ईश्वर म्हटले आहे, त्याचा आधार घेऊन ‘माझा सेल्फ हीच माझी उच्च शक्ती’ असे ठरवून मीटिंगला जाणे सोडणारे लोक असतात. सेल्फ तुम्हाला रात्री अकरा वाजता फोन उचलून ‘कुठे आहेस, तिथेच थांब, येतो’ असे म्हणणार नाही.

सहाव्या-सातव्या पायरीत जे दूर व्हावेत म्हणून मागायचे ते स्वभावदोष आणि ‘कोणताही भाग वाईट नसतो’ हे तत्त्व यांचा मेळ मी असा घालते: नाहीसा व्हायचा आहे तो दोष, म्हणजे खोटे बोलणे, पैसे लंपास करणे, अंगावर धावून जाणे; पण ते ज्याच्या हातून घाबरून घडते, तो भाग आपल्यातच राहणार आहे, फक्त त्याच्याकडचे काम बदलायचे आहे. स्पॉन्सरांच्या ‘आजाराचे बोलणे’ या शब्दप्रयोगाने तुम्ही इतके दुखावून घेऊ नका. संध्याकाळी सात वाजता कंपनीची बस वाईन शॉपच्या वळणावर थांबलेली असताना पिणाऱ्या भागाची करुणेने विचारपूस करत बसण्याची ती वेळ नव्हे; तिथे ‘हा आजार बोलतो आहे’ एवढे म्हणून फोन लावणे आणि बसमधून न उतरणे, हेच शहाणपणाचे. ऊर्मी ओसरल्यावर, पोटात जेवण असताना, समुपदेशकांसमोर बसून त्याची विचारपूस जरूर करा.

आता तुमच्या वहीकडे येते. चौथ्या पायरीतली एक नोंद तुम्ही पत्रासोबत पाठवली आणि छापण्यास परवानगीही दिली, त्याबद्दल आभार. पहिल्या रकान्यात ‘मोठा भाऊ’, दुसऱ्यात ‘वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांदेखत म्हणाला, याच्या हातात पैसे देऊ नका’, तिसऱ्यात ‘स्वाभिमान’, आणि चौथ्यात, जिथे आपली चूक लिहायची, तिथे ‘मुलीच्या फीसाठी म्हणून त्याच्याकडून 40,000 घेतले आणि उडवले’. ही नोंद उत्तम आहे. तिच्यापुढे, हवे तर पेन्सिलने, पाचवा रकाना आखा आणि लिहा: त्या क्षणी माझ्या आत पुढे कोण आले होते? तुम्हीच पत्रात दुसरीकडे लिहिले आहे की पाचवीत असताना आई तुम्हाला वडिलांना गुत्त्यातून घरी आणायला पाठवायची, आणि गुत्त्यातली माणसे हसायची. वर्षश्राद्धाच्या पंगतीत चाळीस माणसे बघत असताना जो कोणी शरमेने पेटला, तो बहुधा हाच मुलगा होता, आणि त्याला गप्प करायला नेहमीचा फायरफायटर धावला. हे कळले की भावावरचा राग निवळतो. परंतु पाचवा रकाना भरल्यामुळे चौथ्यातले 40,000 पुसले जात नाहीत. हा नियम तुम्ही पाळलात तर स्पॉन्सरांचीही तक्रार राहणार नाही, असे मला वाटते. कारण त्यांची खरी भीती तीच आहे.

तुमच्या पत्नीची भीतीही तीच आहे, आणि त्यांचा टोमणा मला या साऱ्या पत्रव्यवहारातले सर्वांत नेमके वाक्य वाटते. घरात त्यांच्याशी बोलताना ‘माझा भाग’ हा शब्द निदान सध्या वापरूच नका. ‘माझ्या फायरफायटरने तुझी पाटली गहाण टाकली’ हे ऐकून कोणत्या बाईला दिलासा मिळेल? तिथे ‘मी गहाण टाकली’ असेच म्हटले पाहिजे. आठव्या-नवव्या पायरीत ज्यांना इजा केली त्यांची यादी करून, प्रत्यक्ष भरपाईने आणखी कुणाचे नुकसान होणार नसेल तिथे ती करायची असते. ते काम कोणत्याही भागाकडे सोपवता येत नाही. समुपदेशनातल्या समजुतीचा इथला उपयोग एवढाच की माफी मागताना तुम्ही कोसळणार नाही आणि बदल्यात लगेच क्षमेची अपेक्षाही धरणार नाही. पत्नींना स्वतःसाठीही आधार हवा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनची स्थापना 1951 मध्ये झाली, तीही विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने. आणि पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. त्यांनी जावे असे तुम्ही सुचवू नका, फक्त माहिती द्या.

खरी काळजी मला क्रमाची वाटते. गुत्त्याबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलापर्यंत जाण्याची घाई दारू सोडल्याच्या पहिल्या वर्षात धोक्याची असते, कारण दुःख उघडे पडले आणि विझवण्याचे जुने साधन हाताशी नसले की माणूस त्याच साधनाकडे धावतो. श्वार्ट्झ यांची पद्धतही राखण करणाऱ्या भागांची परवानगी घेतल्याशिवाय आत शिरू नये असेच सांगते. म्हणून समुपदेशकांना स्पष्ट विचारा की व्यसनाधीन व्यक्तींबरोबर त्यांनी काम केले आहे का, त्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ आहेत का, आणि सत्र जड गेले तर पुढच्या 24 तासांसाठी त्यांची योजना काय आहे. सत्र शनिवारी संध्याकाळी घेऊ नका. ज्या दिवशी मीटिंग असते त्या दिवशी, मीटिंगच्या आधी घ्या. मध्यरात्री फारच अस्वस्थ वाटले आणि कोणी भेटत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या.

आणि निवड करण्याची वेळ आलीच, पैशांमुळे म्हणा किंवा पाळ्यांमुळे, तर मीटिंग ठेवा आणि समुपदेशन काही काळ थांबवा. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,000 हून अधिक व्यक्ती होत्या, आणि सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे वळवणारे ठरावीक आराखड्याचे उपचार इतर रूढ उपचारांपेक्षा सरस ठरले. भागांच्या पद्धतीमागे दारूच्या व्यसनापुरता एवढा भक्कम पुरावा अद्याप उभा राहिलेला नाही.

स्पॉन्सरांना समुपदेशनाची दीक्षा द्यायला जाऊ नका. मीटिंगमधल्या शेअरिंगमध्येही मॅनेजर, एक्झाइल ही परिभाषा नको. तिथे पहिल्यांदाच आलेला, दोन दिवस न झोपलेला कोणी बसलेला असू शकतो, आणि त्याला तुमचे अकरा महिने ऐकायचे असतात. तुमची चौथी पायरी संपत आली आहे. पाचव्या पायरीसाठी, म्हणजे या चुका दुसऱ्या माणसासमोर कबूल करण्यासाठी, स्पॉन्सरांकडून आताच तारीख मागून घ्या, तीच तारीख समुपदेशकांना कळवा, आणि त्या तारखेच्या पुढच्या-मागच्या आठवड्यात गुत्त्याबाहेरच्या त्या मुलाचा विषय सत्रात निघणार नाही, असे त्यांच्याशी ठरवून टाका.