"मॅडम, हिचं काहीतरी बिघडलंय"

मी समुपदेशक, आणि हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की फोनवर एखाद्या आईने "मुलगी जिम्नॅस्टिक्स करते" एवढं म्हंटलं की पुढचं मी मनातल्या मनात पूर्ण करते. मुलगी साधारण बारा-तेराची. दहाव्या-अकराव्या वर्षी पदकांवर पदकं, मग सहा महिन्यांत सगळं घसरलेलं. आणि तुलनेला कुठलातरी मुलगा असतोच, भाऊ नाहीतर क्लबमधला कोणीतरी, ज्याचं मस्त चाललेलं असतं. म्हणून मुक्ताची गोष्ट लिहिते, नाव आणि काही तपशील अर्थातच बदललेत.

मुक्ता साडेबाराची. तिचा आतेभाऊ ओम तिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, दोघं एकाच क्लबात. म्हणजे मुक्ताच्या आईच्या नणंदेचा मुलगा, त्यामुळे प्रकरण नुसतं खेळाचं नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. बाबांनी एक वही आणली होती. क्लबात दर तीन महिन्यांनी फिटनेस टेस्ट होते, पुलअप, दोर चढणं, लेग लिफ्ट, स्प्लिट (पाय पूर्ण फाकून जमिनीला टेकणं), जंप, ते सगळं त्यांनी दोघांचं, हो दोघांचं, तारीखवार लिहून ठेवलेलं. दहाव्या वर्षी मुक्ता ९ पुलअप, ओम ७. आता मुक्ता ५, ओम ११. त्या ५ भोवती लाल गोल.

"मुलगा आहे, ताकद जास्त असणार, मान्य," बाबा म्हणाले, "पण ही स्वतःपेक्षाच मागे गेलीय ना! मेहनतच कमी पडतेय." आई म्हणाली, "घाबरट झालीय हो. बीमवर फ्लिक मारायची, म्हणजे मागे हातांवर उलटी उडी, आता नुसती उभी राहते आणि रडते. मॅडम, हिचं काहीतरी बिघडलंय."

मुक्ता माझ्या टेबलावरच्या पेनाचं टोपण काढघाल करत होती.

पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मी पाय नेहमीच्याच जागी ठेवते. पण तो तिथे पडतच नाही." बीम म्हणजे १० सेंटिमीटरची पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर वर. तिथे पाय दोन बोटं चुकला तरी काय होतं ते तिला चांगलं माहीत, मग भीती वाटणार नाही तर काय. मी विचारलं, "आणि पुलअपचं?" तर खाली बघून म्हणाली, "सर म्हणाले वजन वाढलंय. म्हणून मी पोळी बंद केलीय. डबा मैत्रिणीला देते." हे घरी कोणालाच माहीत नव्हतं.

मी अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली, म्हणजे माणसाचे हटवादी विचार तपासून बदलायची त्यांची पद्धत वापरणारी, त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. जमलंच पाहिजे, पुढेच राहिलं पाहिजे. एरवी मी तो 'च' पकडून बसले असते. पण इथे नुसता विचार दुरुस्त करून भागणार नाही असं वाटलं, कारण मुलगी जे सांगत होती ते शब्दशः खरं होतं. पाय खरंच तिथे पडत नव्हता.

तिसऱ्या वेळी सगळ्यांना बसवलं आणि बाबांना विचारलं, "वहीत उंचीचा रकाना कुठाय?" नव्हताच. पण आईला आठवलं, गौरी-गणपतीला सगळी नातवंडं जमली की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलने सगळ्यांच्या खुणा करतात. लगेच फोन करून फोटो मागवला. आजींनी चष्मा शोधून, टेप लावून, तीन हललेले फोटो पाठवले, चौथा नीट आला. एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत मुक्ता ९ सेंटिमीटर. ओम साडेचार.

कोणी काही बोलेना. मग मी म्हंटलं, "ओम पुढे गेलेला नाहीये. तो अजून मागेच आहे."

खरं सांगायचं तर हे वाक्य माझ्याही तोंडातून आल्यावरच मला नीट कळलं. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाच्या आसपास, आणि जिम्नॅस्ट मुलींमध्ये हे बरेचदा आणखी उशिरा होतं. त्याआधी मुलगा-मुलगी ताकदीत फार फरक नसतो, म्हणून तर दहाव्या वर्षी ९ आणि ७. मुक्ताचं शरीर बदलायला लागलं, ओम अजून छोटा, हलका, जुन्याच शरीरात आहे. तो आज जिंकतोय तो मुलगा म्हणून नाही, लहान म्हणून. मुलांच्या स्नायूंची खरी ताकद त्यांची उंची वाढून झाल्यावर येते, टांगलेल्या रिंग्जवर हातांच्या जोरावर थांबून दाखवणारे पुरुष बघा, कोणी शाळकरी असतं का?

बाबांना पटेना. मग मुक्ताला माझ्या फिरत्या खुर्चीत बसवलं, दोन्ही हातात पाण्याची एकेक भरलेली बाटली दिली आणि खुर्ची गरकन फिरवली. हात छातीशी धरले की भिंगरी, पसरले की मंद. "सोमरसॉल्टमध्ये, हवेतल्या कोलांटीत, हेच होतंय," मी म्हंटलं, "हातपाय लांब झाले, फिरायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर देणारे स्नायू अजून मागून चालत येतायत." मुक्ता हसायला लागली, पुन्हा फिरवा म्हणाली. मग बाबांकडे वळून एकदम, "म्हणजे मी आळशी नाहीये ना?" बाबा वही बंद करून बसले. माझ्या मते त्या दिवशी खरं काम झालं ते तिथे.

वहीत अजून एक गंमत होती. स्प्लिटमध्ये मुक्ता आजही जमिनीला टेकलेली, ओम दोन मुठी वर. त्या रकान्याभोवती गोल नव्हता! मुलांची अपॅरेटस, म्हणजे कसरतीची साधनं, सहा, मुलींची चार, कारण मागणीच वेगळी, रिंग्ज-पॉमेल हॉर्सला लागतं ते बीमला लागत नाही, मग दोघांना एका पुलअपच्या तराजूत कशाला तोलायचं?

आईच्या डोक्यात रोमानियाची नादिया कोमानेची होती, १९७६ च्या ऑलिंपिकमधली, चौदा वर्षांची. मी म्हंटलं, तेव्हाचं सोडा, १९९७ पासून सोळाव्या वर्षाआधी मुलींना सीनियर स्पर्धेत घेतच नाहीत. आपली दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली तेव्हा २३ ची होती, ताश्कंदला २०२४ मध्ये आशियाई सुवर्ण घेतलं तेव्हा ३० ची. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने पॅरिस ऑलिंपिकला ऑलराउंड, म्हणजे सगळ्या साधनांचं मिळून, सुवर्ण घेतलं २७ व्या वर्षी. उझबेकिस्तानची चुसोवितिना तर टोकियो ऑलिंपिकमध्ये ४६ व्या वर्षी उतरली. शालेय स्पर्धेचा चौदा वर्षांखालील गट जन्मतारखेवर चालतो, शरीर त्या तारखेवर चालत नाही.

मग ठरलं ते साधंच. दर तीन महिन्यांनी उंची मोजायची, वजनकाटा माळ्यावर. पोळी पुन्हा सुरू, भातही. वाढीच्या वर्षात जेवण तोडणं म्हणजे हाडांची उधारी, आणि हे मी आयांना जरा आवाज चढवूनच सांगते. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा आलेली तीन महिने बंद राहिली तर डॉक्टरकडे जायचं, "खेळाडू मुलींचं असंच असतं" म्हणून सोडायचं नाही. मनगट, गुडघा, टाच दुखतेय म्हणाली तर नाटक समजू नका, वाढणाऱ्या हाडांची टोकं नाजूक असतात. सरांशी बोलून फ्लिक काही महिने जमिनीवरच्या रेघेवर, मग खालच्या बीमवर. सर आधी वैतागले, पण दाराचा फोटो बघून ऐकलं.

आठ-नऊ महिने गेले. फ्लिक परत आली, पुलअप आता ८ आहेत.

आणि मागच्या महिन्यात एक नवीन नंबर. "मी मुक्ताची आत्या बोलतेय. मॅडम, आमच्या ओमचं काहीतरी बिघडलंय, वाकून हात जमिनीला टेकत नाहीयेत, स्प्लिट तर गेलंच…"

मी म्हंटलं, येताना दारामागचा फोटो घेऊन या.