अक्षर मोठं हवं म्हणून रिझोल्युशन उतरवू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जुना साडेअठरा इंची मॉनिटर काढून नवा 22 इंची फुल एचडी घेतला, त्यावर अक्षरं बारीक दिसली म्हणून रिझोल्युशन (पडद्यावर आडवी-उभी किती टिंबं वापरायची तो आकडा) 1280 × 720 केलं, आणि आता केळीचे भाव बघायला वेबसाइट उघडली की सगळं धुरकट दिसतं. मॉनिटर खराब नाही, परत करायला जळगावला चक्कर मारू नका. आधी ते रिझोल्युशन होतं तिथे न्या.

मी पारोळ्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, दिवसभर हेच काम. एलसीडी-एलईडी पडद्यावर टिंबं मोजून बसवलेली असतात. तुमच्या पडद्यावर आडवी 1920 आणि उभी 1080. तुम्ही 1280 मागितलं की एका टिंबाचा मजकूर दीड टिंबावर पसरवावा लागतो. अर्धं टिंब तर पेटत नाही, मग मॉनिटर शेजारच्या टिंबांत रंग मिसळून वेळ मारून नेतो. तोच तुमचा धुरकटपणा. त्याही आधीच्या, काचेच्या नळीच्या डब्ब्यासारख्या मॉनिटरला हा त्रास नव्हता, 800 × 600 लावा की 1024 × 768, तो सगळं सारखंच दाखवायचा. आपली सवय तिथली आहे.

इंग्रजी तरी खपून जातं, मराठीची पार वाट लागते. ध आणि घ, भ आणि म यांत फरक कशाचा? वरच्या रेघेतल्या बारीकशा फटीचा. ती फट बुजली की सातबाऱ्यावरचा धनराज घनराज होतो. अनुस्वार, रफार तर आधी जातात.

आता अक्षर बारीक का झालं ते बघा. तुमच्या जुन्या साडेअठरा इंची, 1366 × 768 वाल्यावर एका इंचात साधारण 85 टिंबं होती, नव्यावर जवळपास 100 आहेत. म्हणून तेच अक्षर 15 टक्क्यांनी लहान दिसतं. इलाज सोपा आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, रिझोल्युशनच्या यादीत जिथे रेकमेंडेड लिहिलंय ते निवडा. त्याच पानावर स्केल (अक्षरं-चित्रांचं माप) असतं, ते 100 वरून 125 टक्के करा. अक्षर जुन्या मॉनिटरपेक्षाही किंचित मोठं दिसेल आणि कडा तीक्ष्ण राहतील. एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर काही जुने प्रोग्रॅम धुरकटच राहतात. मग स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधा, तो मजकुराचे नमुने दाखवतो, डोळ्याला बरा वाटेल त्यावर टिचकी मारत जा. चष्मा लावूनच करा हं.

एखादीच साइट बारीक असेल तर तिच्यासाठी सगळा पडदा बदलायची गरज नाही. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबा. क्रोम त्या साइटपुरता झूम लक्षात ठेवतो. कंट्रोल आणि शून्य दाबलं की परत मूळ मापावर.

रिझोल्युशनमुळे माझी एकदा चांगलीच फजिती झालीये. सुरुवातीला एका दुकानदाराकडून जुना रुंद मॉनिटर घेतला, त्याने तो 1024 × 768 वर लावून दिला. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलेलं. आप्पा नावाच्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो स्कॅन केला तर पडद्यावर चेहरा फुगलेला. मी शहाणपणा करून फोटोची रुंदी दाबून कमी केली, छापून चेहरा चिंचोळा आला. आप्पा बघतच राहिले, "हाऊ कोन शे? माले तं वयखूच येत नही रे भो!" (हा कोण? मला तर ओळखूच येत नाही!) तेव्हापासून कुठलाही मॉनिटर लावला की आधी गोल चित्र उघडून बघतो. अंडं दिसलं तर गडबड.

केबल कोणती आहे तेही बघा. निळ्या तोंडाची व्हीजीए असेल तर मॉनिटरच्या बटणातलं ऑटो ॲडजस्ट एकदा दाबा. जमत असेल तर एचडीएमआयच लावा. (टीव्ही जोडला आणि कडा कापल्या गेल्या, तर खोट टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही.)

उजेडाचं मात्र आपल्याकडे वेगळंच गणित आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर बघवत नाही असं ऊन, आणि मॉनिटर खिडकीसमोर ठेवला की त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. मग लोक ब्राइटनेस शंभर करतात आणि रात्रीही तसाच ठेवतात. मॉनिटर असा फिरवा की खिडकी बाजूला येईल, मागे नाही, पुढेही नाही. मग पांढरं पान उघडून शेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा उजळला तर ब्राइटनेस उतरवा, राखाडी वाटला तर चढवा. कॉन्ट्रास्टला फार हात लावू नका. माझ्याकडच्या पोराने तो शंभरावर नेला आणि फॉर्ममधल्या फिक्या राखाडी चौकटी गायब झाल्या, गिऱ्हाईक विचारतंय नाव कुठे लिहू! पिक्चर मोडमध्ये व्हिव्हिड असेल तर स्टँडर्ड करा, शार्पनेस कंपनीने दिला तेवढाच ठेवा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी कडा उमटते.

पडदा पुसायला काचेचा स्प्रे नको, मऊ कापड किंचित ओलं करून पुसा, मॉनिटर बंद असताना. एवढं करूनही धुरकट राहिलं तर केबलच्या टोकाचा आणि डिस्प्ले सेटिंग्जच्या पानाचा फोटो टाका, बघून सांगतो.