बँड फुटल्यावर जुने सोबती पुन्हा एका गाण्यात कसे येतात?

तुमचा प्रश्न असा: दारव्ह्याकडचा बँड फुटला, गायक आणि गिटारवाला आपापली गाणी काढतात, एकमेकांशी बोलत नाहीत, तरी एक गाणं मिळून करायचंय. 1970 मध्ये फुटलेल्या बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडनं कसं जमवलं?

त्यांनी ड्रमर रिंगो स्टारच्या नावावर जमवलं, भाऊ. 1970 संपता संपता त्यांच्यातल्या पॉल मॅकार्टनीनं बँडची भागीदारी मोडायला कोर्टात दावा लावला. ते प्रकरण पुरतं मिटलं नव्हतं, तरी रिंगोच्या 1973 च्या 'रिंगो' अल्बममध्ये चौघंही आहेत, फक्त कुठल्याही एका गाण्यात चौघं एकत्र नाहीत. जॉन लेननच्या गाण्यावर लेनन, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो लॉस एंजेलिसला वाजवून गेले. पॉलचं गाणं लंडनला झालं. रिंगोशी गाण्यांवरून कोणाची चढाओढ नव्हती, म्हणून त्याला कोणी नाही म्हटलं नाही. तुमच्यात तो माणूस बहुतेक ऑक्टोपॅडवाला असेल. गाणं त्याच्या नावानं काढा.

आणि टोमणे नकोत. 1971 मध्ये लेननच्या पॉलला झोंबणाऱ्या गाण्यात जॉर्जनं स्लाइड गिटार वाजवली. असं गाणं काढलं की तुमच्याकडं मांडवात बसून मिटवायला माणसं लागतील.

समोरासमोर यायची गरजच नाही. ऑक्टोपॅडवाल्यानं आधी ठेका पक्का करावा, समजा 96 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 96 ठोके, आणि सुरुवातीला चार ठोक्यांची मोजणी. तीच फाइल सगळ्यांना द्या. प्रत्येकानं वायरचे इयरफोन लावूनच वाजवावं. ब्लूटूथनं आवाज उशिरा पोचतो आणि ताल मागं पडतो. फोन एअरप्लेन मोडवर, रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आवाजाचं टोक उणे 6 डेसिबलच्या वर नको. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो.

सगळ्यात जास्त घोळ पेटीचा होतो. भजनाच्या जुन्या पेट्या बऱ्याचदा 440 हर्ट्झ या नेहमीच्या सुरमापाला लावलेल्या नसतात. कीबोर्डचं ट्रान्सपोज अर्ध्या-अर्ध्या सुरानं सरकतं, मधला फरक त्यानं जात नाही. तो कीबोर्डच्या फाइन ट्यूनिंगनंच जुळवा. आधी पेटी रेकॉर्ड करा, मग बाकीच्यांनी तिच्यावर लावून घ्यावं.

गायकाला टिनाच्या खोलीत उभं करू नका, आवाज घुमतो. वेचणीनंतर कापूस भरलेली खोली असेल तर तिथं गाऊ द्या, ढिगाकडं तोंड करून, फोन वीतभर लांब आणि तोंडापासून थोडा बाजूला. कूलर, पंखा बंद.

चाल कोणाची, शब्द कोणाचे, आणि कमाईत कोणाचा किती वाटा, हे गाणं अपलोड करण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.