गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाला पहिल्यांदा जाताय?

फोंड्याहून निघालात तर मोलेच्या तिठ्यावर डावीकडे वळा, तिथून साधारण 13 किमी. पेट्रोल आधीच भरा, जंगलात पंप नाही. सकाळी नऊच्या आत पोचा. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं हे देऊळ पूर्वाभिमुख आहे, कोवळं ऊन थेट मंडपात येतं. आधी दर्शन घ्या आणि छतावरचं कोरीव कमळ मान वर करून निवांत बघा. घाईत तेच राहून जातं.

मग न्हंय, म्हणजे नदी. पायऱ्या उतरल्या की सुर्ला नदीचं पाणी लागतं. खरी चूक इथेच होते. काळ्या दगडांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. रबरी तळव्याचे, पट्ट्याचे सँडल घाला. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. इकडे ऊन असलं तरी वर घाटात सर कोसळलेली असते आणि पाणी बघता बघता चढतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, की पोरांना लगेच वर घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. महाशिवरात्रीला गर्दी खूप, सहलीसाठी तो दिवस टाळा.

डबा देवळाच्या आवारात उघडू नका, माकडं हिसकावतात आणि स्मारकाला खरकटं शोभत नाही. माणशी दोन लिटर पाणी न्या. पावसात अंगाला जळू चिकटली तर ओढू नका, नखाने कडेने सरकवून सोडवा.