सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीला, इमारतीच्या विम्याबद्दल

पॉलिसीचं नूतनीकरण करताना नुसता हप्ता बघू नकोस रे, आत काय आहे ते वाच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांत, आग आणि भूकंप यांचा विमा सांगितलाय, पण आपल्या चिपळूणला घात केला तो पाण्याने. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आठव. तळमजल्यावरचे मीटर आणि पाण्याचा पंप सगळे चिखलात होते. म्हणून वादळ-पूर हे शब्द पॉलिसीत आहेत का ते आधी शोध, आणि मीटर, पंप, लिफ्ट, कुंपणभिंत यांची नावं यादीत लिहून घे.

विम्याची रक्कम म्हणजे फ्लॅटचा बाजारभाव नव्हे. जमीन वाहून जात नाही, तिची किंमत धरायची नाही. इमारत आज पुन्हा बांधायला जो खर्च येईल तो धर. इथे माझं मत ठाम आहे: स्थानिक इंजिनीअरकडून लेखी अंदाज घेच.

भाड्याने घर देणाऱ्या सभासदांना भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या पॉलिसीबद्दल सांग. घर राहण्याजोगं नसेल तेव्हा बुडालेलं भाडंही त्यात धरलं जातं. तळमजल्याच्या दुकानदारांनी आपल्या मालाचा विमा वेगळा काढायचा.

आणि मृगाआधी गच्ची, मीटर, पंप यांचे तारखेसह फोटो काढून ठेव.